ग्लिसरॉलमधून काढल्यावरच बेडकाचा स्नायू का आखडत नाही?

एमएस्सी_शरीरक्रिया: बेडकाचा सार्टोरियस (मांडीचा एक स्नायू) ४०० मिलिमोलर ग्लिसरॉल घातलेल्या रिंगरमध्ये (शरीरद्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात) तासभर ठेवून साध्या रिंगरमध्ये परत आणला, तर झटका देऊनही आखडत नाही, असं वाचलं. ॲक्शन पोटेन्शियल (पेशीच्या पटलावरून धावणारा विद्युतसंदेश) मात्र उमटतो! पटल फाटलं असेल तर तो उमटेल कसा? आणि बिघाड ग्लिसरॉलमध्ये असतानाच का होत नाही?

जुना_प्रयोगशाळावाला: दुसरा प्रश्न आधी घेतो, सगळी गोम तिथेच आहे. ग्लिसरॉलमध्ये टाकताच पाणी बाहेर जातं, तंतू आक्रसतो. मग ग्लिसरॉल हळूहळू आत झिरपतं, पाणी परततं, आकारमान पुन्हा भरून येतं. आता आतही ग्लिसरॉल आहे. साध्या रिंगरमध्ये आणलं की ते सावकाश बाहेर पडतं, पाणी मात्र लगेच आत घुसतं आणि तंतू फुगतो. घाव बसतो तो परतताना.

बाहेरचं पटल टिकतं. लिपिडचा दुपदरी थर जेमतेम ३-४ टक्के ताण सोसतो, पण पटलाला घड्या आणि कॅव्हिओली (सूक्ष्म खळगे) आहेत, त्या उलगडतात. तुटतात त्या टी-नलिका, म्हणजे पटलापासून तंतूत खोल शिरणाऱ्या बारीक नळ्या. पृष्ठभागाजवळ त्या तुटतात आणि तुटलेली तोंडं मिटून जातात. संदेश वरून धावतो, पण खोलवर पोचत नाही, आकुंचन घडवणारं कॅल्शियम सुटत नाही.

आयझेनबर्ग आणि गेज यांनी १९६०च्या दशकाअखेर अशा तंतूंची विद्युतधारिता (ती पटलाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते) मोजली, ती साधारण एक-तृतीयांशावर आली होती. म्हणजे पटलाचा मोठा वाटा नलिकांमध्येच होता! इतका सुंदर पुरावा मला क्वचितच कुठे भेटला.

एमएस्सी_शरीरक्रिया: सर, मग सुक्रोज वापरलं तर?

जुना_प्रयोगशाळावाला: सुक्रोज तंतूत शिरत नाही. त्यामुळे तंतू आक्रसलेलाच राहतो आणि रिंगरमध्ये आणल्यावर मूळ आकाराला येतो, त्यापुढे फुगत नाही. सुक्रोजमध्ये असेपर्यंत ॲक्शन पोटेन्शियल येतो, आकुंचन थांबतं. हॉजकिन आणि होरोविझ यांनी १९५७ मध्ये हे दाखवलं. आम्हाला याचा फार उपयोग व्हायचा: काचेचा इलेक्ट्रोड आत रोवलेला असताना तंतू हलला की टोक मोडतं.

इलेक्ट्रोफिजिओ_पुणे: एक भर घालते. ग्लिसरॉलनंतरच्या रिंगरमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाढवून घ्या, नाहीतर विश्रांती-विभव (संदेश नसताना पटलावर असणारा विद्युतदाब) घसरतं आणि ॲक्शन पोटेन्शियलही हातचा जातो.