पार्किन्सनमध्ये गळणारी लाळ : गोळी घ्यावी, की दुसरा काही उपाय आहे?

प्रश्न :
माझ्या वडिलांना पार्किन्सन होऊन बरीच वर्षे झाली. अलीकडे त्यांच्या तोंडातून सतत लाळ गळते, उशी भिजते, आणि ओठांच्या कोपऱ्यांशी कातडी लाल होऊन चिरली आहे. त्यांनी चारचौघांत बसणे सोडून दिले, याचे मला अधिक वाईट वाटते. लाळ सुकवणारी गोळी सुरू करावी असे एकाने सुचवले. परंतु त्यांना अधूनमधून भास होतात आणि बद्धकोष्ठताही आहे, त्यामुळे धीर होत नाही.

प्रतिसाद १ :
तुमची शंका रास्त आहे. या आजारात लाळ सहसा जास्त तयार होत नाही. पुष्कळ रुग्णांत ती उलट कमीच असते. निरोगी माणूस दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ नकळत गिळून टाकतो. पार्किन्सनमध्ये पापण्यांची उघडझाप जशी मंदावते, तसेच हे आपोआप गिळणेही मंदावते, आणि त्यात मान पुढे झुकलेली व ओठ किंचित उघडे असले की लाळ बाहेर येते. म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. बोलण्यापूर्वी ओठ मिटून, हनुवटी सावरून एकदा मुद्दाम गिळायचे, ही साधी सवयसुद्धा उपयोगी पडते. च्युइंगगम चघळल्याने गिळणे वाढते, मात्र ठसका लागत असेल तर तो देऊ नये. लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा) परिणाम ओसरल्यावर लाळ वाढते का, याची वेळेसह नोंद ठेवा, कारण तसे असेल तर डोसांच्या वेळा बदलूनही फरक पडू शकतो.

प्रतिसाद २ :
गोळ्यांबद्दल थोडे. ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी औषधे लाळ कमी करतात खरी, परंतु वयस्कर रुग्णांत गोंधळ, भास आणि विस्मरण वाढवतात. तुमच्या वडिलांसाठी मी ती टाळण्याचाच आग्रह धरीन. ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसे पोहोचत नाही, म्हणून ते तुलनेने बरे, तरी बद्धकोष्ठता आणि लघवी अडणे हे त्रास त्यानेही होतात. जिभेखाली ॲट्रोपीनचे थेंब देण्याची पद्धत आहे, पण भास होणाऱ्या माणसाला ते जपूनच द्यावे लागतात. भासांसाठी क्लोझापीन चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. त्या औषधानेच लाळ वाढते.

प्रतिसाद ३ :
माझ्या आईला लाळग्रंथींमध्ये बोटुलिनम टॉक्सिनची (लाळ तयार होणे काही काळ कमी करणाऱ्या औषधाची) इंजेक्शने दिली. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींमध्ये, सोनोग्राफीत पाहून, बारीक सुईने ती देतात. परिणाम आठवड्याभरात जाणवू लागला आणि सुमारे तीन महिने टिकला. नंतर पुन्हा घ्यावी लागतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने या त्रासासाठी अशा दोन औषधांना 2018 आणि 2019 मध्ये मान्यता दिली आहे. आईचे तोंड मात्र कोरडे पडले, लाळ चिकट झाली, म्हणून दातांची निगा अधिक काळजीने घ्यावी लागली. औषध शेजारच्या स्नायूंत उतरले तर गिळणे आणखी अवघड होऊ शकते, तेव्हा अनुभवी हातच हवा.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. पाणी पिताना त्यांना हल्ली ठसका लागतो. तो याच्याशी संबंधित असेल का?

प्रतिसाद १ :
असू शकतो, आणि लाळेपेक्षा त्याची तपासणी अधिक तातडीची आहे. गिळलेले श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो. ताप, ओला खोकला किंवा खाल्ल्यानंतर घरघरणारा आवाज दिसला, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.