‘डिटेनी’ म्हणजे कैदी, बंदी की स्थानबद्ध?

क्युबातील ग्वांतानामो इथे दहशतवादाचे संशयित डांबण्यासाठी असलेल्या अमेरिकी लष्करी छावणीवरील इंग्रजी मजकुरात ‘डिटेनी’ पावलोपावली येतो. बातम्यांत सर्रास ‘कैदी’ दिसतो, क्वचित ‘युद्धकैदी’. मराठीत नेमका शब्द कोणता?

———

‘युद्धकैदी’ मुळीच नको, सगळा वाद त्यावरूनच आहे. 1949च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक असते. लढाई थांबली की त्याला मायदेशी सोडावे लागते. 11 जानेवारी 2002 रोजी पहिले 20 जण तिथे आणले गेले आणि पुढच्याच महिन्यात तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बुश यांनी युद्धकैद्याचा दर्जा नाकारला. नाकारलेला हक्क आपण शब्दातून बहाल करू नये.

नुसता ‘कैदी’ म्हटले की वाचक खटला आणि शिक्षा गृहीत धरतो. तिथे ठेवलेल्या सुमारे 780 जणांपैकी बहुतेकांवर आरोपपत्रच नव्हते. ‘स्थानबद्ध’ कायद्याच्या भाषेत चालतो, पण कानाला फार सौम्य लागतो. म्हणून ‘बंदी’, आणि पहिल्या उल्लेखात ‘बिनाखटल्याचे बंदी’. शिवाय ‘बंदिप्रत्यक्षीकरण’शी नाते जुळते: बंद्याला न्यायाधीशापुढे प्रत्यक्ष उभे करणे. हा हक्क ग्वांतानामोतही लागू आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 12 जून 2008 रोजी बूमेदीन खटल्यात ठरवले.

———

एक अडचण. ‘छावणीतील बंदी कायम’ म्हणजे माणूस कायम की मनाई? सामान्यरूपात फरक कळतो (बंद्याला, पण मनाईच्या अर्थी बंदीला). प्रथमेत घोळ होतो. शीर्षकात तरी ‘बंदिवान’ वापरा.

‘टॉर्चर’साठी ‘छळ’ही अपुरा. तो सासरीही होतो, कचेरीतही. 1984च्या टॉर्चरविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत तीव्र वेदना, हेतू आणि सरकारी माणसाचा हात किंवा संमती, तिन्ही लागतात. 2004मध्ये तिथल्या एका तरुण बंद्याला 14 दिवसांत 112 वेळा कोठडी बदलायला लावली, म्हणजे दर तीन तासांनी झोपमोड. याला ‘यातना देणे’च म्हणावे. ‘छळछावणी’ मात्र टाळा. मराठीत तो शब्द नाझींच्या छावण्यांसाठी रुळला आहे.

———

आणि ‘हंगर स्ट्राइक’? 2013मध्ये शंभराहून अधिक बंद्यांनी अन्न नाकारले. त्यानंतर लष्कराच्या कागदांत त्याला ‘दीर्घकालीन बिगरधार्मिक उपवास’ असे नाव मिळाले. मराठीत ‘उपास’ व्रताचा आणि ‘उपोषण’ मागणीचे, हा भेद आयताच हाताशी आहे, ‘उपोषण’च लिहा. खुर्चीला पट्ट्यांनी जखडून नाकातून जठरापर्यंत नळी घालणे म्हणजे ‘नळीद्वारे पोषण’ नव्हे. ते रुग्णालयातल्या, संमती दिलेल्या रुग्णासाठी ठेवा. इथे ‘बळजबरीने अन्न भरणे’ लिहा.