प्रतिसाद: 'डेथ नोट' एल गेल्यावर का घसरते

'डेथ नोट' म्हणजे नाव लिहिलं की माणूस मरतो अशा वहीची जपानी कथा: वही वापरणारा लाईट, आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर एल. 'एल मेला तिथेच डेथ नोट संपली' हे वर म्हटलंय ते बऱ्याच अंशी पटतं, पण सगळा दोष एलचा वारसदार नियर याच्या माथी मारू नका. हिशोब बघा. मूळ मांगा (जपानी कॉमिक) १०८ प्रकरणांची. एल ५८व्यात मरतो, ॲनिमेत (म्हणजे ॲनिमेशन मालिकेत) २५व्या भागात. उरलेली ५० प्रकरणं मग उरलेल्या १२ भागांत कोंबली आहेत! एलचा दुसरा वारसदार मेलो तर नीट ओळख होण्याआधीच जातो. नियरला रुजायला वेळच मिळत नाही.

पहिला अर्धा भाग मात्र खणखणीत. नाओमी मिसोराचा प्रसंग आठवा. बाई एफबीआयची माजी एजंट, सावध, आधी खोटंच नाव सांगते. लाईट वहीत लिहितो, वाट बघतो, काहीच होत नाही. मग पोलिसांच्या तपास पथकात घेण्याचं आमिष दाखवून तो तिच्याकडून खरं नाव काढून घेतो. नुसतं रस्त्यावरून चालत बोलणं, तरी घसा कोरडा पडतो.

माझी खरी तक्रार त्याच प्रसंगाशी आहे. मालिकेतली सगळ्यात हुशार बाई दोन भागांत संपवली आणि पुढे वाट्याला आली मिसा, जी लाईटपायी मृत्युदेवाच्या डोळ्यांच्या बदल्यात स्वतःचं उरलेलं आयुष्य दोनदा निम्मं करून घेते. लेखकाला बायका लिहिताच येत नाहीत, सरळ आहे.

बाकी तो चिप्सचा प्रसंग कितीही हास्यास्पद असो, मी दर वेळी रिवाइंड करून बघतो. कॅमेऱ्यांची पाळत असताना लाईटने पाकिटात टीव्ही लपवून नावं लिहायची आणि वर चिप्सही खायच्या, तेही पार्श्वसंगीतासकट!