मदत हवी आहे: लोखंडी पिंपळपान देठापाशीच तुटतंय

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या घराच्या ओटीला कठडा करतेय. त्यावर पिंपळाची पानं हवीत, पण पत्र्याची कापून जोडलेली नकोत, गजातूनच घडवलेली. १६ लागतील, जमलीत ३.

१२ मिमीचा एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद) चौरस बार, दगडी कोळशाची भट्टी, हाताने फिरवायचा पंखा आणि ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, एवढ्यावर काम चालू आहे. आधी बारचं टोक निमुळतं करते. मग टोकापासून चार बोटांवर बार रुळाच्या कडेवर धरून ठोकते, तिथे मान तयार होते. मानेमागचा भाग लांबवून देठ, पुढचा गोळा चेपून पान. पान सुंदर पसरतं, बोथट छिन्नीने शिराही छान उठतात. घात होतो तो देठाचा. ७ पानं मानेतच तुटली. तुटलेली जागा नीट पाहिली तर अर्धी काळी, अर्धी चकचकीत दाणेदार.

देठ जाड ठेवायला मन होत नाही. लांब, बारीक देठामुळेच तर पिंपळ एवढ्याशा वाऱ्यात सळसळतो.

आमच्याकडे कोयते-विळे करणारे लोहारकाका म्हणाले, "ताव कमी पडतोय, नुसत्या लालीवर ठोकू नकोस, नारिंगी-पिवळं होऊ दे." तसं केलं, तर निमुळतं टोक ठिणग्या टाकत जळून गेलं.

कुठे चुकतंय? आणि वरून अळशीचं तेल लावलंय, ते कोकणातल्या पावसाला पुरेल का?

प्रतिसाद

ताई, अर्धी जागा काळी म्हणजे ती चीर आधीच पडलेली होती आणि भट्टीत जाऊन काळी पडली. कापलेल्या रुळाची कड धारदार असते, ती मान कापते. मग देठ लांबवताना ती खाच आतल्या आत मिटते, वरून दिसत नाही. ग्राइंडरने कड ३-४ मिमी गोल करून घ्या. मान घालताना बार प्रत्येक ठोक्याला पाव वळण फिरवा.

काकांचं बरोबर आहे, पण बारीक भाग आधी तापतो. म्हणून टोक विस्तवाच्या पलीकडे, थंड बाजूला काढून ठेवा. देठ सुरुवातीला ८ मिमीपर्यंतच उतरवा, पान पुरं करा, बारीक शेवटी. लाली उतरली की हातोडा थांबलाच पाहिजे.

ओटी छपराखाली असेल तर अळशीचं तेल चालेल, दरवर्षी पावसाआधी पुन्हा द्यावं लागेल. झड येत असेल तर लोखंडावरचा भट्टीतला काळा पापुद्रा घासून झिंक प्रायमर आणि वर रंग. मात्र घडवायला गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) गज कधीही घेऊ नका, भट्टीत जस्ताचा धूर होतो आणि तो विषारी असतो.