पॉमेरेनियनचा आकार आणि एका राजघराण्याची आवड

पॉमेरेनियन मुळातच ओंजळीत मावणारा कुत्रा आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्यात थोडी दुरुस्ती सुचवू इच्छिते. राजा तिसरा जॉर्ज याची पत्नी राणी शार्लट हिने १७६७ मध्ये इंग्लंडात आणवलेले या जातीचे कुत्रे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. तिची नात राणी व्हिक्टोरिया हिला १८८८ मध्ये फ्लॉरेन्स येथे मार्को हा सुमारे साडेपाच किलोंचा कुत्रा मिळाला, आणि तिने विंडसर येथे या जातीची पैदास करून १८९१ च्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात आपले कुत्रे उतरवले, तेव्हापासून लहान आकाराची ओढ वाढत गेली. अखेरच्या आजारपणातही तिने ‘तुरी’ या आपल्या लाडक्या पॉमेरेनियनला बिछान्यावर आणवले होते. ही माया मला मनापासून भावते.

मात्र आज दोन-अडीच किलोंच्या मादीला पिल्ले मोजकीच होतात, पिल्लाचे डोके अडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते आणि नवजात पिल्लांच्या रक्तातील साखर उतरू नये म्हणून घरातल्यांना आळीपाळीने रात्री जागाव्या लागतात. म्हणूनच अतिशय लहान मादीपासून पैदास करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून पाळलेले पुष्कळ पांढरे कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ या वेगळ्या जातीचे असतात, तेव्हा जोडी लावण्यापूर्वी पशुवैद्यांकडून खात्री करून घ्यावी.