विमान प्रवाशांच्या नोंदी आणि न्यायालयाची देखरेख

ए-२०३ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. लेकीकडे आम्ही फ्रँकफर्टमार्गे टोरांटोला निघालो आहोत. तिकिटासाठी दिलेला फोन, कार्डाचा तपशील, अगदी जैन जेवणाची मागणीसुद्धा तिथल्या सरकारकडे जाते, असे एजंट म्हणाले. हे कायद्याला धरून आहे का? बी-५०१ चे वकील काका सांगू शकतील का?

बी-५०१ : ताई, युरोपातून कॅनडाला जाणाऱ्या प्रवाशांच्या नोंदींबाबतच्या कराराचा मसुदा युरोपीय संसदेने संमती देण्याआधी युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठवला, आणि २६ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने तो आहे त्या स्वरूपात करता येणार नाही असे मत दिले. जेवणाची आवड, सोबतचे प्रवासी, पैसे भरण्याची पद्धत हे एकत्र पाहिले, तर माणसाचे आजार, नातीगोती आणि आर्थिक स्थितीही उलगडू शकते, हे न्यायालयाने ओळखले. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

सी-१०४ : काका, पण दहशतवाद रोखायचा असेल, तर त्या मसुद्यात होते तशा पाच वर्षे नोंदी ठेवल्याने बिघडले कुठे?

बी-५०१ : नोंदी घेण्याला न्यायालयाची हरकत नव्हती. कॅनडा सोडून गेलेल्या ज्या प्रवाशाविरुद्ध संशयाला ठोस आधार नाही, त्याची नोंद ठेवण्याला होती. शिवाय प्रवासी कॅनडात असताना त्याच्या नोंदी वापरायच्या, तर तातडीचे प्रसंग वगळता न्यायालयाची किंवा स्वतंत्र यंत्रणेची पूर्वपरवानगी घ्यावी, असेही सांगितले. त्यानंतर वाटाघाटी नव्याने कराव्या लागल्या.

ए-२०३ : आणि आपल्याकडे?

बी-५०१ : सीमाशुल्क कायद्याखाली ऑगस्ट २०२२ मध्ये नियम आले. उड्डाणाच्या २४ तास आधी विमान कंपनीने नोंदी द्यायच्या, त्या पाच वर्षे राहतात, आणि प्रकरणागणिक दुसऱ्या देशाच्या तपास यंत्रणेलाही देता येतात. धर्म, आरोग्य उघड करणाऱ्या वापराला मनाई आहे, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षणही आहे. ही तरतूद चांगलीच आहे. परंतु हे लेखापरीक्षण एकूण यंत्रणेचे असते, एकेका प्रकरणाचे नाही. माझी नोंद परदेशी धाडण्याआधी त्या एका प्रकरणाची कारणे न्यायाधीशाने तपासावीत, अशी अट या नियमांत नाही, आणि ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

सी-१०४ : ही अट मलाही पटते, काका.