सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं : तुमचे अनुभव लिहा

धाकट्या बहिणीच्या रिपोर्टवर 'गर्भाशयात सॅक (गर्भाची पिशवी) दिसत नाही' असं आलंय आणि घरात जो तो डॉक्टर झालाय. गर्भ बीजवाहक नळीत राहिल्याचा किंवा तशी शंका आल्याचा अनुभव असेल, तर सोनोग्राफीत काय दिसलं ते लिहाल का? काढे नकोत, प्लीज.

चाफेकळी : किट पॉझिटिव्ह, थोडं स्पॉटिंग, ओटीपोटात उजवीकडे टोचायचं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत काही कळेना, म्हणून लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि आतून (योनीमार्गातून) केली. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं इतकंच. गर्भाशय रिकामं, रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) २००० च्या वर. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या आकड्याला बहुतेकदा सॅक दिसते, पण एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नाही. ४८ तासांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा जेमतेम हलला होता. या वेळी अंडाशयाशेजारी एक गोल कडं दिसलं. प्रोबने हलकं दाबलं की ते अंडाशयापासून वेगळं सरकायचं, म्हणजे नळीतलंच. नळी फुटली नव्हती, मेथोट्रेक्सेटच्या (गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनवर भागलं. फॉलिक ॲसिड बंद करायला लावलं, आणि आकडा उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायला सुई.

सांगलीचा_जावई : हिचा खांदा दुखत होता. आई म्हणाली, वातूळ खाल्लं असेल. बाम चोळला. चक्कर येऊन पडली तेव्हा नेलं. 'गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' ही सोनोग्राफीआधीच्या एफ फॉर्मवरची सही तिने स्ट्रेचरवरच केली. प्रोब ठेवताच पोटात रक्त दिसलं. ते श्वासपटलाला लागलं की खांदा दुखतो म्हणे. दुर्बिणीतून नळी काढली.

उन्हाची_तिरीप : माझं उलटं. पाचव्या आठवड्यात काहीच दिसलं नाही, सासूबाईंनी रडून घेतलं. पाळी उशिराची, तारखाच चुकलेल्या. पुढच्या सोनोग्राफीत ठोके!

काळापांढरा_पडदा : सोनोग्राफी करणाऱ्यांच्या बाजूने : नळीत गर्भ असतानाही गर्भाशयात द्रव साचून खोटी सॅक दिसू शकते. म्हणून आत योक सॅक (गर्भाला पोसणारी छोटी पिशवी) दिसेपर्यंत मी 'गर्भाशयातच आहे' असं ठामपणे लिहीत नाही. आयव्हीएफ झालेलं असेल तर सॅक दिसल्यावरही दोन्ही बाजू नीट बघते. एक आत, एक नळीत, असं क्वचित सापडतं. धागाकर्तीच्या बहिणीला जोरात दुखलं किंवा घेरी आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचंही विचारा.

धागाकर्ती : ओ निगेटिव्हच आहे! आत्ताच फोन करते.